तीन तासांचं विमान, वीस तासांची वाट



 दरवेळी मी हप्ते, व्याज, काजू-कोकमाचे भाव असं काहीतरी घेऊन येते. आज विषय आहे विमानाचा. दोन लांबच्या शहरांमध्ये अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो आणि तिकिटावर छापलेली वेळ कशी वाचायची, हे आज बघू.

तुम्ही म्हणाल, "आमका विमानाचा काय गो? आम्ही खंय जातंव?" आपण जात नसू, पण आपल्या घरातलं कुणीतरी जातंच. कुणाचा घोव मस्कतला, कुणाचा झील दुबईला, कुणाचा दीर बोटीवर, कुणाची चेडू लग्न होऊन लंडनला. आमच्या गटांच्या बैठकीत दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "सकाळी दहाक सुटलो, तो कितीक वाजता पोचतलो?" घरातल्या पुरुषाला विचारलं तर एक उत्तर येतं, एजंटाला विचारलं तर दुसरं. पोचल्याचा फोन येईपर्यंत बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. हा हिशोब काही अवघड नाही. जी बाई चक्रवाढ व्याज समजून घेते, तिला हा सहज जमेल.

आधी अंतर बघू. आपल्या आजीच्या वेळी मुंबईला जायचं म्हणजे वेंगुर्ल्याहून आगबोट. मग एसटी आली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि सावंतवाडीहून रात्री बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरू लागला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्याच वेंगुर्ले तालुक्यात चिपीला सिंधुदुर्ग विमानतळाचं उद्घाटन झालं. चिपीहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास, पण हवेतून सरळ मोजली तर फक्त साडेतीनशे. घाट नाही, वळणं नाहीत, खाड्यांना वळसा नाही. विमानाचं अंतर म्हणतात ते हेच: एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत सर्वांत जवळची वाट.

आता मुंबईपासूनची काही अंतरं सांगते, लिहून घ्या. मुंबई ते मस्कत सुमारे १,५७० किलोमीटर. मुंबई ते दुबई सुमारे १,९३०. मुंबई ते दोहा, म्हणजे कतार, सुमारे २,३००. मुंबई ते कुवेत सुमारे २,७५०. मुंबई ते लंडन सुमारे ७,२००. आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५००.

हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, फसाल. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीचा गोल असतो, तो मागून घ्या. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. सपाट नकाशात वाटतं की वाट अरबस्तान, आफ्रिकेचं उत्तर टोक आणि मग अटलांटिक समुद्र अशी जाईल. पण ताणलेला दोरा वर सरकतो. तो रशियावरून, नॉर्वेवरून, आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. गोलावरची जवळची वाट ती. गोल मिळाला नाही तर सोललेला नारळ घ्या आणि सुतळी ताणून बघा, तेच दिसेल.

आता वेळ. मोठं जेट विमान आकाशात साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जातं. पण उठताना, उतरताना, धावपट्टीपर्यंत हळू चालत जाताना वेळ जातो. म्हणून एक ठोकळ हिशोब लक्षात ठेवा. किलोमीटरला आठशेने भागा आणि वर अर्धा तास मिळवा. दुबईचे १,९३० भागिले ८०० म्हणजे जवळजवळ अडीच तास, अधिक अर्धा, झाले तीन तास. लंडनचे ७,२०० भागिले ८०० म्हणजे नऊ, अधिक अर्धा, साडेनऊ तास. न्यूयॉर्क असंच सोळा तासांवर जातं. तिकिटावरची वेळ यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे असेल, पण तुमचा अंदाज चुकणार नाही. पंखे असलेली लहान विमानं, जी चिपीसारख्या छोट्या विमानतळावर येतात, ती ताशी पाचशेच्या आसपास जातात. त्यांना हा हिशोब लावू नका.

अंतर तेच राहतं, वेळ मात्र बदलत आला आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. त्याचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. पस्तीस प्रवासी होते, आणि स्वतः जे. आर. डी. टाटाही त्यात होते. ते विमान सलग जाऊ शकत नव्हतं. कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं, मग लंडन. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि प्रवासाचा वेळ खूप कमी झाला. आज मुंबईहून निघालेलं विमान कुठेही न उतरता लंडन गाठतं.

आता एक गंमत. मुंबईहून लंडनला जायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा यायला कमी लागतो. अंतर तर तेच. काहींना वाटतं, पृथ्वी खाली फिरते म्हणून असं होतं. तसं नाही. चालत्या एसटीत नाणं वर उडवलं तर ते परत आपल्याच हातात पडतं, मागच्या सीटवर जात नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. तेरेखोलच्या खाडीत होडी घालणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. भरतीबरोबर वर जाताना वल्ही कमी मारावी लागतात, ओहोटीला उलट जाताना दम निघतो. समजा विमानाचा वेग साडेआठशे आहे. समोरून पन्नासचा वारा आला तर ते आठशेने पुढे सरकणार, आणि लंडनला नऊ तास. तोच वारा पाठीशी असला तर नऊशेने, आणि आठ तास. एवढ्याशा वाऱ्याने एका तासाचा फरक पडला. म्हणून पश्चिमेला जाणारं विमान उशिरा पोचतं आणि इकडे येणारं लवकर. दुबईचंही तसंच. जाताना सव्वातीन तास धरा, येताना तीनच्या आत-बाहेर.

कधी कधी वाटही बदलते. एखाद्या देशाने आपल्या आकाशातून जायला बंदी घातली की विमानाला वळसा पडतो. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. मग युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना समुद्रावरून लांबची वाट घ्यावी लागली आणि वेळ वाढला. तेव्हा गेल्या वर्षी साडेनऊ तास लागले म्हणून यंदाही तेवढेच लागतील, असं धरून बसू नका.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो तो घड्याळाचा. हा भाग नीट ऐका.

सूर्य पूर्वेला आधी उगवतो, पश्चिमेला नंतर. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपल्या सगळ्या देशाचं घड्याळ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर लावलेलं आहे. आपण त्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत. म्हणून रेडीत सूर्य बरोबर डोक्यावर यायला घड्याळात साडेबारा वाजून जातात. अंगणात काठी रोवून सावली बघा, पटेल. पूर्वी मुंबई शहराचं घड्याळही वेगळं होतं, देशाच्या घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १९५५ पर्यंत ते चाललं.

दुबई आणखी पश्चिमेला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मस्कतही दीड तास मागे. कतार, कुवेत, बहरीन, सौदी अडीच तास मागे. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, कारण तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. आणि बोटीवर चढायला जे सिंगापूरला जातात, त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे.

आता नियम ऐका. तिकिटावर सुटायची वेळ असते ती सुटणाऱ्या गावाची, आणि पोचायची वेळ असते ती पोचणाऱ्या गावाची. दोन वेळांची नुसती वजाबाकी केली की उत्तर चुकतं.

समजा मुंबईहून सकाळी १० ला विमान सुटलं आणि दुबईला जायला सव्वातीन तास लागले. आपल्या घड्याळात सव्वा वाजला. पण तिकिटावर लिहिलेलं असेल पावणेबारा, कारण दुबईत तेव्हा पावणेबाराच वाजलेत. बाई वजाबाकी करते आणि म्हणते, पावणेदोन तासांत पोचतलो. पावणेबारापासून ती फोनकडे बघत बसते. एक वाजतो, फोन नाही. सव्वा वाजतो, फोन नाही. मनात नको ते विचार येतात. खरं तर विमान आत्ता कुठे उतरत असतं. त्यानंतर बाहेर पडायला, सामान घ्यायला तासभर धरा. म्हणजे फोन आपल्याकडे दोन-सव्वादोनला येणार. हे आधी माहीत असलं की जेवण गोड लागतं.

येताना उलट. दुबईहून सकाळी १० ला सुटलं, तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. तीन तासांनी मुंबईत दुपारी अडीच. तिकिटावर दिसेल १०:०० ते १४:३०. वाटतं साडेचार तास लागले. लागले तीनच.

लंडनचं एक उदाहरण, उन्हाळ्यातलं. मुंबईहून दुपारी १ ला निघालं, साडेनऊ तास लागले, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. लंडनला तेव्हा संध्याकाळचे सहा. तिकिटावर दिसतं एक ते सहा. पाच तासांत कुणी लंडन गाठत नाही, हे आता तुम्ही सांगू शकता.

तिकिटावर वेळ रेल्वेसारखी चोवीस तासांची असते, ते आपल्याला सवयीचं आहे. पण पोचण्याच्या वेळेपुढे कधी बारीक '+१' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी पोचणार. स्टेशनवर, विमानतळावर गाडी घेऊन जाणाऱ्याला तो '+१' आधी दाखवा.

आणि मध्यरात्रीचं विमान. याने कितीतरी जणांची तिकिटं फुकट गेली आहेत. आखाती देशांकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर लिहिलेलं असतं १५ तारीख, ००:४०. माणूस १५ तारखेला दिवसभर पाया पडत, सामान बांधत घरी बसतो आणि रात्री निघतो. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. ००:४० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून चाळीस मिनिटं. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचावं लागतं. म्हणजे १४ तारखेला रात्री नऊ चाळीसच्या आत विमानतळावर हजर. शून्याने सुरू होणारी वेळ दिसली की आदल्या दिवशी निघायचं, हे देवघरापाशी लिहून ठेवा.

आता आपल्या जवळचे विमानतळ. एक चिपी. रेडीहून वेंगुर्ल्यावरून सव्वा-दीड तासाची वाट. तिथली विमानसेवा कधी चालू, कधी बंद असते, म्हणून त्या आठवड्याची चौकशी करूनच ठरवा. दुसरा मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आहे, तेरेखोलची खाडी ओलांडली की आपल्याला तासाभराच्या आत. तिसरा गोव्याचाच जुना दाबोळी. तो पणजीच्याही पलीकडे, रेडीहून दोन तासांच्या वर. तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून गाडी ठरवू नका. मोपासाठी इंग्रजी तीन अक्षरं असतात जी-ओ-एक्स, दाबोळीसाठी जी-ओ-आय, चिपीसाठी एस-डी-डब्ल्यू. शेवटचं अक्षर बघा. एक्स असेल तर मोपा, आय असेल तर दाबोळी. एका अक्षराने सव्वा तासाचा फेरा पडतो. मुंबईलाही आता नवी मुंबईचा दुसरा विमानतळ झाला आहे, तेव्हा तिथे उतरून दुसरं विमान धरायचं असेल तर दोन्ही एकाच ठिकाणी आहेत का, हे विचारा.

एजंट 'डायरेक्ट' म्हणतो, त्याचाही अर्थ विचारून घ्या. डायरेक्ट विमान मधे एखाद्या ठिकाणी उतरू शकतं, फक्त प्रवाशाला विमान बदलावं लागत नाही. कुठेच न उतरणारं हवं असेल तर 'नॉनस्टॉप आहे का?' असं विचारा. विमान बदलायचं असेल तर मधे किती तास बसावं लागेल ते विचारा. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का, हेही. एकाच तिकिटावर असली आणि पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय विमान कंपनी करते. वेगवेगळी काढलेली असतील तर पुढचं तिकीट गेलं ते गेलंच. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तसंच. म्हणून शेजारणीच्या झिलाने गणपतीत जे विमान धरलं, तेच शिमग्याला असेल, असं नाही.

हे सगळं मी का सांगते आहे, ते आता ऐका.

आमच्या एका गटातल्या काकींचे यजमान पहाटे साडेतीनला गेले. मोठा मुलगा दुबईत. चारला त्याला फोन लागला. भावकी जमली, आणि सगळे म्हणाले, "तीन तासांचा विमान, दुपारपर्यंत येतलो. चारपर्यंत उरकून टाकूया." काकींना मुलाच्या हातूनच अग्नी द्यायचा होता. पण चार म्हणजे चार, असं ठरायला आलं होतं.

गटाच्या सचिव तिथे होत्या. त्यांनी मुलाला परत फोन केला आणि हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर एकेक वेळ लिहिली. आपल्याकडे चार, तेव्हा तिथे अडीच. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात. ते ऑफिस उघडणार तिथल्या आठला, म्हणजे आपल्या साडेनऊला. सही, पासपोर्ट, तिकीट करून विमानतळावर पोचायला आपले बारा. मिळालेलं विमान तिथल्या दीडचं, म्हणजे आपल्या तीनचं. मुंबईत उतरणार संध्याकाळी सहाला. तपासणी, सामान, विमान बदलणं. मोप्याचं पुढचं विमान रात्री साडेनऊचं, मोप्यात पावणेअकरा. तिथून गाडीने घरी मध्यरात्र. चारपासून मोजलं तर बरोबर वीस तास. त्यातले दुबई ते मुंबई आकाशातले फक्त तीन.

ते पान काकींनी स्वतःच्या हाताने मोठ्या दिरांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "भावजी, चारला तो दुबईहून नुकताच उठलेला असेल. सकाळी आठला करूया." कुणी वाद घातला नाही. आकडे समोर होते. पोरांनी शिरोड्याच्या बाजूने फ्रीजर पेटी आणली. मुलगा बाराच्या सुमारास पोचला, रात्रभर वडिलांजवळ बसला आणि सकाळी त्यानेच अग्नी दिला. रडून ओरडून मागितलं असतं, तर कदाचित कुणी ऐकलं नसतं. 'बाईमाणूस भावनेच्या भरात बोलते' म्हणाले असते.

हाच हिशोब कधी कधी उलटंही सांगतो. दुसऱ्या एका घरात धाकटा मुलगा मालवाहू बोटीवर होता, भर समुद्रात. तिथे विमानाचे तास मोजून उपयोग नव्हता. बोट बंदराला लागायलाच अजून कितीतरी दिवस होते. रेडी बंदरातून खनिज घेऊन जाणारी जहाजं आपण बघतो. जे अंतर विमान तीन तासांत कापतं, त्याला जहाजाला तीन-चार दिवस लागतात. त्या घराने थांबायचं नाही असं ठरवलं. पुतण्याने विधी केले आणि मुलाला फोनवर दाखवलं. त्या आईच्या मनात आज एक शांतता आहे, की थांबलो असतो तरी तो येऊ शकत नव्हता. थांबायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण ठरवण्याआधी खरे तास माहीत असावेत, आणि ते घरातल्या बाईला माहीत असावेत.

म्हणून आमच्या गटांनी एक काम सुरू केलं आहे. ज्या घरातलं माणूस परदेशात आहे, त्या घरात एक कागद तयार करायचा. त्यावर काय लिहायचं ते सांगते.

पहिलं, त्याचं पासपोर्टवर आहे तसं नाव, पासपोर्टचा नंबर आणि मुदत. बरेच देश पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणून मुदत संपत आली असेल तर आताच सांगा. दुसरं, पासपोर्ट कुणाकडे असतो: त्याच्याकडे की कंपनीकडे. तिसरं, कंपनीचं नाव, साहेबाचा फोन आणि खोलीत बरोबर राहणाऱ्या दोघांचे फोन. चौथं, तिथलं घड्याळ आपल्या किती मागे किंवा पुढे. पाचवं, त्याच्या खोलीपासून विमानतळ किती लांब, आणि तिथून मोप्याला नॉनस्टॉप विमान आहे की मुंबईला बदलावं लागतं. सहावं, आपल्या वाडीतून विमानतळावर जाणारा भरवशाचा गाडीवाला. सातवं, आयत्या वेळच्या तिकिटाचे पैसे कुठून उभे करायचे. त्यासाठी काही गटांनी ठराव केला आहे, की अशा वेळी अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने त्याच दिवशी अंतर्गत कर्ज द्यायचं, मासिक बैठकीची वाट बघायची नाही. तुमच्या गटातही हा विषय ठेवा.

तिकडे काही गंभीर अडचण आली, कंपनी पगार देत नसेल, पासपोर्ट अडवला असेल किंवा माणूस दगावला आणि मयत आणायची असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे. त्यावर तक्रार नोंदवता येते. तेव्हाही हाच कागद कामाला येतो, कारण पहिला प्रश्न पासपोर्ट नंबरचाच असतो.

आणखी एक गोष्ट. आता मोबाईलवर विमान कुठे आहे ते दिसतं. फ्लाइटरडार२४ सारखी अॅप आहेत, त्यात विमानाचा नंबर घातला की नकाशावर छोटं पिवळं विमान सरकताना दिसतं. तिकिटावर विमानाचा नंबर असतो, तो लिहून घ्या. पण अरबी समुद्रावर गेल्यावर कधी कधी ते विमान नकाशावरून दिसेनासं होतं. घाबरू नका. त्या विमानाचा संदेश पकडणारी यंत्रं बहुतेक जमिनीवर असतात, आणि भर समुद्रात ती पोचत नाहीत. आपला मोबाईल घाटात रेंज सोडतो, तसंच. दुसरा किनारा जवळ आला की विमान परत दिसतं.

पुढच्या बैठकीसाठी एक गणित देते. मुंबईहून रात्री ९ वाजता दोह्याला विमान सुटलं. अंतर २,३०० किलोमीटर. घड्याळ अडीच तास मागे. दोह्यात उतरेल तेव्हा तिथे किती वाजलेले असतील, आपल्याकडे किती, आणि पोचल्याचा फोन किती वाजता येईल? आठशेने भागा, अर्धा तास मिळवा, मग घड्याळ मागे न्या, आणि बाहेर पडायला एक तास द्या. प्रत्येकीने स्वतः सोडवा, मुलांना विचारू नका. उत्तर गटाच्या वहीत लिहा.

आणि ज्या घरात माणूस परदेशात आहे, त्या घरात या आठवड्यातच कागद तयार करा. तो कपाटात कुलपात ठेवू नका. गॅसच्या नोंदवहीबरोबर, रेशनकार्डाबरोबर, जिथे रात्री-अपरात्री तुमचा हात पोचेल तिथे ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या एका बाईला तो कुठे आहे ते सांगून ठेवा.

पुढच्या कार्यक्रमात बँकेत परदेशातून आलेल्या पैशांविषयी बोलू.